पानाच्या आधी पोहोचणाऱ्या ओळी : वेब सर्व्हरचे हेडर

वेबवरचे पान उघडते तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दोन निरोपांची देवाणघेवाण होते. ब्राउझर पान मागतो, ती विनंती. सर्व्हर ते देतो, ते उत्तर. दोन्ही निरोपांच्या माथ्यावर काही छोट्या ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. आधी हेडरचे नाव, मग अपूर्णविराम आणि पुढे माहिती, अशी प्रत्येक ओळीची साधी रचना असते. हेडर संपले की एक रिकामी ओळ येते आणि तिच्यानंतर पानाचा मजकूर सुरू होतो. वाचकाला दिसतो तो फक्त मजकूर. पण तो कोणत्या लिपीत वाचायचा, किती वेळ जपून ठेवायचा, कोणाला दाखवायचा आणि कोणापासून राखायचा, हे आधीच्या ओळींनी ठरवलेले असते.

जळगावहून कापसाच्या गाठी घेऊन निघालेल्या ट्रकसोबत बिल्टी असते. माल कोणाचा, कुठून कुठे चालला, नग किती, हे ताडपत्री न सोडता त्या कागदावरून कळते. हेडरचे काम याच जातीचे आहे. माल चोख असला तरी बिल्टी चुकली की गाडी अडते. तसे पान कितीही मेहनतीने तयार केलेले असो, हेडर चुकला की ते वाचकापर्यंत नीट पोहोचत नाही.

समजा, जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या पहूर गावी कापूस खरेदी करणाऱ्या एका केंद्राने मराठी संकेतस्थळ काढले. त्यावर रोजचा भाव लागतो, शेतकऱ्याला आपली काटापावती पाहता येते आणि भावपत्रकाची पीडीएफ उतरवून घेता येते. एवढ्या लहान संकेतस्थळालाही हेडरचे जवळजवळ सगळे प्रश्न भेटतात. म्हणून पुढे हेच उदाहरण घेतले आहे. हेडरची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. सर्व्हरच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

एका ओळीपासून सुरुवात

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांना, म्हणजे १९९१ मधल्या एचटीटीपीला, हेडर नव्हतेच. ब्राउझरने एका ओळीत पानाचा पत्ता सांगायचा, सर्व्हरने पान पाठवायचे आणि जोडणी तोडायची, इतकाच तो व्यवहार होता. उत्तरात एचटीएमएलच येणार हे गृहीत होते. चित्रे आणि इतर प्रकारच्या फाइली पाठवायची वेळ आली, तेव्हा आत काय आहे हे बाहेरून सांगण्याची सोय लागली. ईमेलसाठी १९८२ मध्ये ठरलेली 'नाव, अपूर्णविराम, माहिती' ही रीत त्यासाठी उचलण्यात आली.

मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजात एचटीटीपी १.० या आवृत्तीची नोंद झाली आणि हेडर हा तिचा रीतसर भाग झाला. जानेवारी १९९७ मध्ये १.१ ही आवृत्ती आली. मे २०१५ मधल्या एचटीटीपी/२ ने हेडर आकुंचित करून पाठवायला सुरुवात केली. जून २०२२ मध्ये आरएफसी ९११० ने सर्व आवृत्त्यांना लागू होणारा हेडरचा अर्थ एका जागी मांडला; एचटीटीपी/३ चा दस्तऐवजही त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. पाठवण्याची रीत बदलत गेली, तरी हेडरचा अर्थ मात्र टिकून राहिला. त्यामुळे एकदा समजून घेतलेले हेडर नव्या आवृत्तीतही उपयोगी पडतात.

विनंतीचे हेडर

शेतकऱ्याने मोबाइलवर भावाचे पान उघडले की ब्राउझर विनंतीसोबत आपणहून काही हेडर पाठवतो. त्यांत पहिला मान 'होस्ट' या हेडरचा. एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. त्यांपैकी कोणते हवे ते होस्ट सांगतो. एचटीटीपी १.१ ने तो सक्तीचा केला. तो नसलेल्या विनंतीला सर्व्हरने ४०० क्रमांकाची चूक कळवावी असा नियम आहे. छोट्या संस्थांना स्वस्तात परवडणारे सामायिक होस्टिंग याच ओळीमुळे शक्य झाले.

संकेतस्थळाचे नाव देवनागरीत असले तरी होस्ट हेडरमध्ये ते देवनागरीत जात नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हा देवनागरी डोमेन सुरू झाला आणि मराठीत पत्ता घेण्याची सोय झाली. मात्र तारेवरून 'भारत' हा शब्द 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' अशा रोमन रूपात धावतो. सर्व्हरच्या फाइलमध्ये संकेतस्थळाचे नाव नोंदवताना हेच रूप लिहावे लागते. देवनागरी नाव जसेच्या तसे लिहिले, तर आलेली विनंती त्याच्याशी जुळत नाही आणि सर्व्हर भलतेच पान पुढे करतो.

'ॲक्सेप्ट-लँग्वेज' हा हेडर वाचकाची भाषा सांगतो. मराठीचा संकेत 'एमआर' आणि भारतातल्या मराठीचा 'एमआर-आयएन'. ब्राउझर भाषांची यादी पसंतीच्या क्रमाने पाठवतो आणि प्रत्येक भाषेला शून्य ते एकमधले वजन देतो: मराठीला १, हिंदीला ०.९, इंग्रजीला ०.८ असे. त्यावरून सर्व्हर योग्य भाषेतले पान निवडू शकतो. परंतु ही यादी ब्राउझरच्या किंवा फोनच्या सेटिंगमधून येते आणि मराठी घरांतल्या कितीतरी फोनांची सेटिंग इंग्रजीतच राहिलेली असते. निव्वळ या हेडरवर विसंबले, तर मराठी वाचणाऱ्या माणसापुढे इंग्रजी पान उभे राहते. म्हणून हेडरवरून पहिला अंदाज घ्यावा आणि भाषा बदलण्याचा दुवा पानावर ठळक द्यावा, हे उत्तम.

उत्तरात याच्या जोडीला 'कंटेंट-लँग्वेज' हा हेडर देता येतो. तो मजकुराची भाषा जाहीर करतो. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीलाही 'एएचआर' हा स्वतःचा संकेत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागात अहिराणी साहित्य वेबवर मांडणाऱ्यांनी तो वापरायला हरकत नाही. त्यामुळे त्या मजकुराची भाषा यंत्रांना स्पष्ट कळते.

'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' या हेडरने ब्राउझर आपल्याला कोणते आकुंचन उलगडता येते ते कळवतो. जीझिप आणि ब्रॉटली हे त्यांतले नेहमीचे प्रकार. देवनागरीसाठी ही ओळ फार मोलाची आहे. अक्षरे नोंदवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. पण त्या तिनांतले पहिले दोन बाइट सतत तेच ते येतात, त्यामुळे मराठी मजकूर आकुंचनात चांगलाच लहान होतो. एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये जीझिप मुळात बंद असते. ते मुद्दाम सुरू करावे लागते. गावाकडच्या मंद नेटवर्कवर पान उघडायला लागणारा वेळ त्याने कमी होतो.

लिपी सांगणारी ओळ

उत्तराच्या हेडरांपैकी मराठी पानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा 'कंटेंट-टाइप'. फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यातली अक्षरे कोणत्या पद्धतीने नोंदवली आहेत, या दोन गोष्टी तो सांगतो. मराठी पानासाठी त्याचे रूप 'टेक्स्ट/एचटीएमएल; कॅरसेट=यूटीएफ-८' असे हवे.

ही ओळ चुकली तर काय होते, ते 'पहूर' या एका शब्दावरून पाहता येते. युनिकोडच्या हिशेबाने या शब्दात चार चिन्हे आहेत: प, ह, दीर्घ ऊकार आणि र. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे बारा बाइट होतात. पैकी 'प' म्हणजे ई०, ए४, एए. 'ह' म्हणजे ई०, ए४, बी९. ऊकार म्हणजे ई०, ए५, ८२. आणि 'र' म्हणजे ई०, ए४, बी०. हेडरने यूटीएफ-८ म्हटले, तर ब्राउझर तीन-तीन बाइटांचा गट करून चारही चिन्हे बरोबर उभी करतो. हेडरने आयएसओ-८८५९-१ ही पश्चिम युरोपी अक्षरांची पद्धत सांगितली, तर तो एकेका बाइटला स्वतंत्र अक्षर मानतो. मग 'प'च्या जागी तीन चिन्हे दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाचे गोल चिन्ह आणि वर चढवलेला लहान 'ए'. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ई० ने सुरू होत असल्यामुळे तो रेघ असलेला 'ए' पानभर पुन्हा पुन्हा उमटतो. बिघडलेले मराठी पान म्हणून मराठी वाचकांनी पाहिलेली चिन्हांची रांग ती हीच.

यावर अनेक जण पानाच्या आत यूटीएफ-८ चा टॅग टाकतात. तो असावाच. पण हेडर आणि टॅग यांत तफावत पडली, तर ब्राउझर हेडरचे ऐकतो. पान तयार करणाऱ्याने टॅग बरोबर लिहिला आणि सर्व्हरवरच्या जुन्या सेटिंगने दुसरी पद्धत सांगितली, तर पान बिघडलेलेच दिसते आणि दोष पानात शोधून सापडत नाही. अपाची सर्व्हरमध्ये 'ॲडडीफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८' आणि एनजिनएक्समध्ये 'कॅरसेट यूटीएफ-८' ही एकेक ओळ लिहिली की हा प्रश्न मिटतो.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत. विशिष्ट फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला की मजकूर वाचता येत नसे, शोधता येत नसे, दुसरीकडे नेता येत नसे. युनिकोडने ही अडचण दूर केली. त्याचा पुरता लाभ मिळण्यासाठी सर्व्हरने लिपीची पद्धत खरी सांगणे तेवढे बाकी राहते.

पीडीएफ उतरवून देतानाही लिपीचा प्रश्न येतो. उतरवायच्या फाइलचे नाव 'कंटेंट-डिस्पोझिशन' या हेडरमधून जाते आणि हेडरच्या ओळीत साधी रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे एवढाच ऐवज भरवशाचा असतो. 'कापूसभाव' असे देवनागरी नाव थेट लिहिले, तर काही ठिकाणी ते उमटते, काही ठिकाणी त्याचा चुराडा होतो. जून २०११ मधल्या आरएफसी ६२६६ मध्ये यावर तोड आहे: नावातल्या प्रत्येक बाइटचा सोळाच्या पायातला अंक टक्क्याच्या चिन्हासह लिहावा आणि आधी 'यूटीएफ-८' असे जाहीर करावे. जोडीला जुन्या साधनांसाठी रोमन लिपीतले साधे नावही द्यावे.

ताजे आणि शिळे

एकदा आणलेले पान ब्राउझर आपल्याजवळ जपून ठेवतो आणि पुन्हा मागणी झाली तर तेच दाखवतो. या साठ्याला कॅश म्हणतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये असलेल्या सीडीएनसारख्या सेवाही अशी प्रत ठेवतात. त्यांना नियम घालून देणारा हेडर म्हणजे 'कॅश-कंट्रोल'.

तो दिलाच नाही, तर प्रत ठेवली जात नाही असा समज चुकीचा आहे. अशा वेळी ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. पान शेवटचे बदलून जितका काळ लोटला, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका वेळ ते ताजे मानावे, अशी रूढ रीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत भावाचे पान दहा दिवस बदलले नसेल, तर त्या हिशेबाने ते पुढचा एक दिवस ताजे ठरू शकते. खरेदी सुरू होऊन नवा भाव लागला, तरी काही शेतकऱ्यांना फोनवर जुनाच भाव दिसत राहतो. त्या आकड्यावर कोणी गाडी भरून आणली, तर नुकसान खरे होते.

म्हणून प्रत्येक प्रकारच्या पानाला स्वतंत्र नियम द्यावा. भावाच्या पानाला 'नो-कॅश' योग्य. नावावरून वाटते तसा त्याचा अर्थ प्रत ठेवू नये असा नाही. दाखवण्यापूर्वी दर वेळी सर्व्हरला विचारून खात्री करावी, असा आहे. ही विचारपूस स्वस्तात होते. सर्व्हर उत्तरासोबत 'ईटॅग' नावाची खूण देतो, ब्राउझर पुढच्या वेळी तीच खूण 'इफ-नन-मॅच' या हेडरमध्ये परत पाठवतो. पान बदलले नसेल, तर सर्व्हर ३०४ एवढाच निरोप देतो आणि मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही.

बोधचिन्ह, फॉन्ट, रचनेच्या फाइली क्वचितच बदलतात. त्यांना 'मॅक्स-एज' ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, देता येते. अट एवढीच की फाइल बदलली की तिचे नावही बदलले पाहिजे. काटापावतीचे पान मात्र एकट्या शेतकऱ्याचे असते. त्याला 'नो-स्टोअर' द्यावे, म्हणजे कोणीही प्रत ठेवणार नाही. हा नियम विसरला आणि मधल्या सेवेने पान साठवले, तर एका शेतकऱ्याची पावती दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो.

एकाच पत्त्यावर मराठी आणि इंग्रजी अशी दोन पाने मिळत असतील, तर 'व्हॅरी' हा हेडर विसरून चालत नाही. उत्तर वाचकाच्या भाषेनुसार बदलते, हे तो मधल्या साठ्यांना कळवतो. तो नसेल, तर पहिल्या वाचकाने इंग्रजी पान मागितल्यावर तेच पुढच्या मराठी वाचकाला मिळू शकते.

राखणदारीचे हेडर

काही हेडर ब्राउझरला बंधने घालतात आणि त्यातून वाचकाचे रक्षण होते. 'स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी' हा त्यांतला एक. तो नोव्हेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७९७ ने प्रमाण झाला. या संकेतस्थळाशी इथून पुढे फक्त सुरक्षित जोडणीनेच बोलायचे, असे तो ब्राउझरला बजावतो. त्याची मुदत सेकंदांत द्यायची असते. सुरुवातीला ती काही मिनिटांची ठेवावी आणि सगळे सुरळीत दिसल्यावर वाढवत वर्षापर्यंत न्यावी. कारण एक वर्षाची मुदत दिल्यानंतर सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहून गेले, तर ब्राउझर वाचकाला आत जाण्याची वाटच देत नाही. उपडोमेनांनाही हा नियम लावायचा, तर त्या सर्वांवर प्रमाणपत्र आहे याची आधी खात्री करावी.

'एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स' या हेडरची एकच किंमत असते, 'नोस्निफ'. फाइलचा प्रकार तुझ्या अंदाजाने ठरवू नकोस, सांगितला आहे तोच मान, असा त्याचा अर्थ. संकेतस्थळावर छायाचित्रे चढवण्याची सोय दिली आणि छायाचित्राच्या नावाखाली कोणी घातक कोड चढवला, तर तो चालवला जाऊ नये यासाठी ही ओळ उपयोगी पडते. 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' पानाला दुसऱ्याच्या पानात अदृश्य चौकट करून बसवण्यास मनाई करतो. अशा चौकटीतून वाचकाकडून नकळत बटणे दाबून घेतली जातात.

सर्वांत ताकदीचा हेडर 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी'. पानावर कोड कुठून यावा, चित्रे कुठून यावीत, ते पान कोणाच्या चौकटीत बसावे, याची यादी तो देतो. यादीबाहेरचे सारे ब्राउझर अडवतो. यादी अपुरी राहिली तर स्वतःच्याच संकेतस्थळाचे भाग बंद पडतात. म्हणून याचे 'रिपोर्ट-ओन्ली' हे रूप आधी लावावे. त्यात काहीही अडवले जात नाही, फक्त काय अडले असते त्याची नोंद येते. नोंदी तपासून यादी पुरी झाली की खरा हेडर लावावा.

कुकीही हेडरमधूनच प्रवास करते. नेटस्केपचे लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती आणली. सर्व्हर 'सेट-कुकी' ने ती देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीत परत पाठवतो. पावती पाहण्यासाठी केलेले लॉग-इन तिच्यावरच टिकते. तिला तीन शब्द जोडणे आवश्यक आहे: 'सिक्युअर', म्हणजे ती असुरक्षित जोडणीवर जाणार नाही, 'एचटीटीपीओन्ली', म्हणजे पानावरचा कोड ती वाचू शकणार नाही, आणि 'सेमसाइट', म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत ती जाण्यावर बंधन येईल.

सर्व्हरवर हेडर लावताना

अपाची १९९५ पासून आणि इगोर सिसोयेव यांचा एनजिनएक्स २००४ पासून लोकांच्या हाती आहे. दोन्ही खुले आणि मोफत आहेत. अपाचीत 'मॉड_हेडर्स' हा भाग सुरू करावा लागतो. मग 'हेडर सेट' ने उत्तराचा हेडर लावता येतो, 'हेडर अनसेट' ने काढता येतो आणि 'रिक्वेस्टहेडर' ने आत येणारी विनंती बदलता येते. सामायिक होस्टिंगवर मुख्य फाइलला हात लावता येत नाही. तेथे बहुधा 'डॉट एचटीॲक्सेस' या फाइलमधून हेच करता येते. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर हे काम 'वेब.कॉन्फिग' या फाइलमध्ये होते.

एनजिनएक्समध्ये उत्तरासाठी 'ॲड_हेडर' वापरतात. त्याच्या दोन सवयी नवख्याला गोंधळात टाकतात. पहिली वारशाची. वरच्या पातळीवर चार हेडर लावले आणि आतल्या एका विभागात नवा पाचवा लावला, तर मूळ रीतीप्रमाणे त्या विभागात वरचे चारही लागत नाहीत. भावाच्या विभागात कॅशचा एक नियम घातला आणि तेथले सुरक्षेचे सगळे हेडर गळून पडले, असे यातून घडते. उपाय सोपा आहे: सामाईक हेडर वेगळ्या फाइलीत लिहावेत आणि ती फाइल प्रत्येक विभागात जोडावी. दुसरी सवय चुकीच्या पानांची. 'ॲड_हेडर' यशस्वी उत्तरांना आणि पुनर्निर्देशनाला लागतो, ४०४ किंवा ५०० च्या पानांना लागत नाही. तेथेही हवा असेल, तर ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' लिहावे लागते. हेडरच्या नावात अधोरेषा असेल, तर एनजिनएक्स तो आत येणारा हेडर गुपचूप टाकून देतो; म्हणून नावात नेहमी संयोगचिन्ह वापरावे.

मोठ्या मांडणीत वाचक थेट मूळ सर्व्हरशी बोलत नाही. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पोहोचवणारा सर्व्हर, असतो. अशा वेळी मूळ सर्व्हरला प्रत्येक विनंती प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. खरा पत्ता पुढे नेण्यासाठी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हा हेडर रूढ झाला आणि जून २०१४ मध्ये 'फॉरवर्डेड' हे त्याचे प्रमाणित रूप आले. तसेच मूळ 'होस्ट'ही पुढे द्यावा लागतो, नाहीतर संकेतस्थळ आपल्याच पानांचे दुवे चुकीच्या नावाने तयार करते.

येथे एक पथ्य कडकपणे पाळायला हवे. विनंतीतला कोणताही हेडर वाचकाच्या बाजूने आलेला असतो आणि तो खोटा लिहिता येतो. म्हणून 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' फक्त आपल्या ओळखीच्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच मानावा आणि 'होस्ट' ठरलेल्या नावांच्या यादीत बसतो की नाही ते तपासावे. पासवर्ड बदलण्याचा दुवा न तपासलेल्या होस्टवरून तयार केला, तर तो दुवा हल्लेखोराच्या संकेतस्थळाकडे वळवता येतो.

खऱ्या पत्त्याला भारतात कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. प्रत्येक नोंदीत एकट्या प्रॉक्सीचाच पत्ता असेल, तर तपासात त्या नोंदींचा फारसा उपयोग होत नाही.

हेडरच्या आकारालाही मर्यादा असते. अपाची मुळात एका हेडरला ८,१९० बाइट आणि एका विनंतीत १०० हेडर स्वीकारतो. कुकींचा ढीग साचला की ही मर्यादा ओलांडली जाते आणि ठरावीक वाचकांनाच पान उघडेनासे होते. तक्रार एकाची असते, बाकीच्यांना सर्व काही ठीक दिसते. अशी तक्रार आली की त्या वाचकाच्या कुकींचा आकार आधी पाहावा.

तपासणी

फाइल बदलल्यावर सर्व्हर लगेच पुन्हा सुरू करू नये. एनजिनएक्समध्ये 'एनजिनएक्स -टी' आणि अपाचीत 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' या आज्ञा आधी फाइलीतली चूक दाखवतात. त्यानंतर प्रत्यक्ष उत्तर पाहावे. संगणकावर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडला आणि पान ताजे केले की प्रत्येक विनंती आणि तिचे हेडर ओळीने दिसतात. 'कर्ल -आय' (कॅपिटल आय) या आज्ञेने मजकुराशिवाय नुसते हेडर मागवता येतात.

तपासणी एका पानावर थांबवू नये. मुखपृष्ठ, भावाचे पान, लॉग-इननंतरचे पावतीचे पान, उतरवायची पीडीएफ आणि मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून आलेले ४०४ चे पान, अशी पाच उत्तरे पाहिली की बहुतेक उणिवा उघड्या पडतात. सर्व्हरच्या आवृत्तीचा क्रमांक 'सर्व्हर' या हेडरमधून बाहेर जात असेल, तर तोही बंद करावा. त्याने संरक्षण होत नाही, पण जुनी आवृत्ती हुडकत फिरणाऱ्याला आयती माहिती मिळत नाही. संरक्षण होते ते आवृत्ती वेळेवर अद्ययावत ठेवल्याने.

लहान संकेतस्थळाने सगळे हेडर एका दिवसात लावण्याची गरज नाही. आधी 'कंटेंट-टाइप'मध्ये यूटीएफ-८ आहे याची खात्री करावी, मग खासगी पानांना 'नो-स्टोअर' आणि बदलत्या पानांना 'नो-कॅश' द्यावे, कुकीला तिन्ही शब्द जोडावेत, 'नोस्निफ' लावावे आणि सुरक्षित जोडणीची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढवावी. 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी' सर्वांत शेवटी, नोंदी पाहून. या कामाला नवे यंत्र लागत नाही, परवान्याचा खर्च लागत नाही. ग्रंथालय, शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत किंवा खरेदी केंद्र यांपैकी कोणाचेही मराठी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने आपल्या पाच पानांचे हेडर एकदा उघडून वाचावेत आणि दर मोठ्या बदलानंतर ते पुन्हा तपासावेत.